वाचक विचारतात : पावसाळ्यात शहराचा धूर जातो कुठे?

गेल्या अंकात पावसाळी हवेविषयी लिहिताना मी म्हटलं होतं, की पाऊस धूळ खाली बसवतो आणि जे धुतलं जात नाही त्यातलं थोडं फार उंच जातं, पार ढगांच्याही वर. त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यावर पत्रांचा पाऊस पडला. काही कौतुकाची, काही 'बाई, काहीतरीच काय!' अशी. सगळी छापणं शक्य नाही. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. माझी सारी नोकरी हवामानाचे फुगे सोडण्यात गेली, त्यामुळे उत्तरांत फुगे येणारच. तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न : आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे कण बसतात आणि सासूबाईंचा दमा उसळतो. जून लागला की पंधरा दिवसांत सगळं थांबतं. गाड्या तेवढ्याच, रस्त्याचं खोदकाम तेवढंच. मग हा धूर जातो कुठे? सगळा मुठेतून वाहून जातो का? – एक वाचक, वडगाव

उत्तर : ताई, बराचसा मुठेतूनच जातो, पण सगळा नाही.

कणांचं आधी सांगते, ते सोपं आहे. काजळी, धूळ, डिझेलचा धूर हे ढगातच थेंबांच्या पोटात शिरतं, नाहीतर पडत्या थेंबाला चिकटतं आणि खाली येतं. पहिल्या दोन-तीन सरींना तुमच्या पन्हळीतून काळपट पाणी उतरतं ना, ते हेच. शिवाय थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर सुटत नाही, नदीच्या काठाकाठाने साचून राहतो. पावसाळ्यात ती अडचण नसते. अरबी समुद्रावरचा वारा दिवसरात्र वाहतो आणि तुमचा धूर दौंड-बारामतीकडे घेऊन जातो.

राहिले वायू. गाडीच्या सायलेन्सरमधून, चुलीतून, कोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हा पाण्याला दाद देत नाही. कितीही झोडपलं तरी विरघळत नाही आणि हवेत दोनेक महिने टिकतो. एवढ्या काळात वारा त्याला कुठल्या कुठे नेऊ शकतो, आडवा आणि उभाही.

उभं नेण्याचं काम ढग करतात. पण हे ढग जुलैत आपल्या डोक्यावर नसतातच. पुण्याचा आषाढातला पाऊस आठवा. दिवसभर भुरभुर, ना गडगडाट ना वीज. छत्री उघडावी तर थांबतो, मिटावी तर सुरू. लोणावळ्याला, ताम्हिणीला तोच पाऊस कोसळतो, पण ढग तिथलेही बहुतेक बुटकेच. समुद्राचा वारा घाटाला आपटतो, वर चढतो, गार होतो आणि पाच-सहा किलोमीटर उंचीच्या आतच पाणी ओतून मोकळा होतो. महाबळेश्वरला आपल्या सात-आठपट पाऊस पडतो (पुण्याची वर्षाची सरासरी ७२० मिलिमीटरच्या आसपास), म्हणून तिथले ढग सात-आठपट उंच असतील असा समज असतो. तसं काही नाही. उंच ढग आपल्याकडे वळवाचे. मे महिन्यात दुपारभर भट्टी पेटते, चारच्या सुमारास पूर्वेकडून काळंभोर उठतं, वारा सुटतो, गारा पडतात. तो ढग बारा, कधी पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो.

जुलै-ऑगस्टमध्ये असे उभे ढग उठतात ते बंगालच्या उपसागरावर, गंगेच्या खोऱ्यात, हिमालयाच्या दक्षिण उतारावर आणि तिबेटच्या पठारावर. तिबेटची तर जमीनच सरासरी ४,५०० मीटरवर. तिथल्या ढगाला आयता पाट मिळाल्यासारखं आहे. अशा ढगाच्या बुडाशी ओढली गेलेली हवा तासा-दीड तासात १२ ते १५ किलोमीटरवर जाऊन पडते. जे विरघळणारं असतं ते वाटेत पावसाबरोबर गळतं, न विरघळणारं वर पोचतं.

वर पोचलेली हवा सैरावैरा पांगत नाही. उन्हाळा संपता संपता तिबेट आणि इराण या दोन पठारांच्या डोक्यावर, साधारण १२ ते १८ किलोमीटर उंचीवर, जास्त दाबाचा एक अवाढव्य पट्टा तयार होतो. पश्चिमेचं टोक भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापाशी, पूर्वेचं चीनमध्ये. त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत राहतात. वारीतलं गोल रिंगण ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल. कडेच्या वाटेने अश्व दौडतो आणि मधली मंडळी मधेच राहतात, बाहेरची बाहेर. इथे कडेने वारा दौडतो आणि मध्ये खालून आलेली मळकी हवा आठवडेच्या आठवडे कोंडलेली असते. अधूनमधून तिचा एखादा लचका तुटून पूर्वेला प्रशांत महासागराकडे किंवा पश्चिमेला आफ्रिकेकडे निघून जातो. सप्टेंबर संपता संपता हे सगळंच विस्कटतं. तोवर त्या हवेतला काही भाग आणखी वर, ढगांच्याही वरच्या स्थितांबर नावाच्या थरात गेलेला असतो.

सासूबाईंच्या दम्याशी मात्र या वरच्या कारभाराचा काही संबंध नाही. त्यांना त्रास देतो तो गच्चीच्या उंचीवरचा धूर. त्यांना पावसाळ्यात बरं वाटतं हे नशीबच म्हणायचं. भिंतीच्या ओलीने आणि बुरशीने ज्यांचा दमा नेमका जुलैत वाढतो, अशांचीही पत्रं माझ्याकडे येतात.

प्रश्न : आमच्या पुस्तकात दिलंय की स्थितांबरात ढग-वादळं नसतात, हवा स्थिर असते. मग धूर तिथे जाईलच कसा? आणि गेला तरी तो जमिनीवरूनच गेला, विमानांचा नव्हे, हे शास्त्रज्ञांना कसं कळलं? – इयत्ता नववी, सदाशिव पेठ

उत्तर : बाळा, पुस्तक बरोबर आहे आणि तुझी शंकाही. दोन प्रश्न आहेत, दोन्ही नीट घेऊ.

आम्ही फुगा सोडायचो तो पातळ रबराचा, हायड्रोजन भरल्यावर माणसाच्या उंचीचा किंवा थोडा मोठाच. त्याखाली छोटं पॅराशूट, मग लांबलचक दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला थर्मोकोलच्या डब्यात तापमान आणि आर्द्रता मोजणारं यंत्र, बातमी खाली पाठवायला रेडिओ. फुगा हातात घ्यायच्या आधी अंगठ्या-बांगड्या काढून ठेवायच्या, कारण एक ओरखडाही पुरतो. जगभर ठरलेल्या वेळा आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच अशा येतात. फुगा त्याच्या थोडा आधी सुटतो आणि मिनिटाला तीनेकशे मीटरने चढतो.

जुलैत तो काय करायचा, ऐक. सुटल्या सुटल्या हडपसरच्या दिशेने निघायचा, कारण खालचा वारा पश्चिमेचा. सहा-सात किलोमीटरच्या वर गेला की घुटमळायचा, आणि मग चक्क उलटा फिरून घाटाकडे, समुद्राकडे धावत सुटायचा. १४ ते १६ किलोमीटरवर तर ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. नव्याने कामाला लागलेल्यांना वाटायचं, यंत्र बिघडलं. यंत्राला काही झालेलं नसायचं. पावसाळ्यात भारताच्या दक्षिण भागावर एवढ्या उंचीवर पूर्वेचा झोत वाहतो. आपल्याच हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्यावर निबंध लिहिला. वडगावच्या ताईंना सांगितलेल्या त्या रिंगणाची दक्षिणेकडची कड म्हणजेच हा झोत. आपला पुण्याचा फुगा रोज त्या कडेला हात लावून येतो.

आता तापमान. फुगा चढेल तसं ते उतरत जातं. खाली चोवीस-पंचवीस अंश असलं तर पाच-साडेपाच किलोमीटरवर शून्य, आणि १६-१७ किलोमीटरवर उणे ७५ ते ८०. तिथे रेघ थबकते आणि तापमान हळूहळू वाढायला लागतं. ती थबकण्याची जागा म्हणजे तपस्तब्धी. तिच्या खाली तपांबर, वर स्थितांबर. वरची हवा जास्त उबदार असल्यामुळे खालून धडका मारत आलेला ढग तिथे अडतो आणि आडवा पसरतो. वादळी ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट दिसतो तो यामुळेच. पुस्तकातलं 'स्थिर' हे अशा अर्थाने खरं आहे.

पण अडतो तो ढग. त्याने वर टाकलेली हवा पुढे जाते आणि तिला दोन वाटा आहेत. एक उभी वाट. ढगांच्या माथ्यावर त्या उंचीला ऊन आणि खालून येणारी उष्णता शोषून हवा किंचित तापते आणि तरंगत वर सरकते, दिवसाला वीस-तीस मीटर. पर्वती चढायला तुला दहा-पंधरा मिनिटं लागत असतील. या हवेला तेवढी उंची चढायला तीनेक दिवस लागतात. पण तिला घाई नाही, आणि तिथे तिला धुवायला पाऊसही नाही. दुसरी वाट आडवी, आणि मला ती जास्त नवलाची वाटते. तपस्तब्धी सगळीकडे सारख्या उंचीवर नसते. आपल्याकडे १६-१७ किलोमीटरवर, तर युरोपच्या डोक्यावर १०-१२ वरच. म्हणजे रिंगणातून १५ किलोमीटर उंचीवरच्या हवेचा एखादा लचका नुसता उत्तरेला सरकला, एक मीटरही न चढता, तरी तो स्थितांबरात पोचलेला असतो.

आता तुझा दुसरा प्रश्न, विमानांचा. याची उकल एका विषारी वायूने केली. हायड्रोजन सायनाइड. घाबरू नकोस, हवेच्या काही अब्ज रेणूंमागे त्याचा एखादा. तो मुख्यतः लाकूड, गवत, पालापाचोळा, शेतातलं काड जळताना निघतो, आणि त्याला गिळतो समुद्र. समुद्राला लागून राहिलेल्या हवेत तो फार कमी उरतो. एरवी जगातली हवा स्थितांबरात चढते ती मुख्यतः विषुववृत्ताजवळच्या समुद्रांवरून, म्हणजे तिथून गेलेल्या हवेत हा वायू कमीच असायला हवा. कॅनडाचा सायसॅट नावाचा उपग्रह २००३ पासून वरून उगवत्या आणि मावळत्या सूर्याकडे बघतो. सूर्यप्रकाश हवेच्या थरांतून गाळून येताना त्यातला कुठला रंग कुठल्या वायूने खाल्ला, हे तो टिपतो. त्या नोंदी घेऊन अमेरिकेतले विल्यम रँडल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली दाखवून दिलं, की पावसाळ्यात आशियावरच्या त्या उच्चदाबात हा वायू ठासून भरलेला असतो आणि तिथून तो स्थितांबरात चढताना दिसतो. विमानं केरोसीन जाळतात, लाकडं नाही. आणि ती उडतात १०-१२ किलोमीटरवर. ही हवा जमिनीवरून, चुली आणि वणव्यांच्या देशांतून गेली होती.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, कणांचाही पत्ता लागला. कॅलिप्सो हा उपग्रह लेझरचा किरण खाली सोडून परत आलेला उजेड मोजायचा. ज्याँ-पॉल व्हर्निए आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या नोंदींत पावसाळ्यात आशियावर १३ ते १८ किलोमीटर उंचीवर सूक्ष्म कणांचा एक विरळ थर सापडला, जवळजवळ त्या उच्चदाबाएवढाच लांब. डोळ्यांनी बघायला जाशील तर काहीच दिसणार नाही, इतका विरळ. मग तिथे खरोखर काय आहे हे बघायला माणसं निघाली. इस्रो आणि नासाने मिळून २०१४ नंतरच्या पावसाळ्यांत हैदराबाद आणि वाराणसीहून फुगे सोडले. २०१६ मध्ये नैनितालहून सुटले. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काठमांडूहून एम-५५ जिओफिजिका हे रशियन बनावटीचं विमान उडालं. ते वीस किलोमीटरपर्यंत चढतं, म्हणजे थेट त्या थरात शिरून बाहेर येतं.

आणि सापडलं काय? सगळ्यांना वाटत होतं, गिरण्या-कारखान्यांचं गंधक किंवा काजळी असेल. तेही होतं. पण त्याबरोबर निघाला अमोनियम नायट्रेट, आणि तो भरपूर. म्हणजे खतच की! यातला नायट्रेट गाड्यांच्या आणि विजांच्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून होतो. अमोनिया येतो शेतात फेकलेल्या युरियातून आणि गोठ्यांतून. शहरी माणूस प्रदूषण म्हटलं की चिमणीकडे बोट दाखवतो. इथे उकिरडा आणि युरियाचं पोतंही आरोपीच्या पिंजऱ्यात आहेत. त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. एवढ्या पावसातून तो वर पोचायलाच नको होता. शास्त्रज्ञांनी याचा उलगडा असा केला : ढगातला थेंब उंचावर गोठतो तेव्हा त्यात विरघळलेला अमोनिया सगळाच बर्फात अडकून राहत नाही, काही सुटा होतो आणि हवेबरोबर चढतो. ऑगस्ट १९९७ मधल्या एका उपग्रहाच्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या, तर तिथेही हेच कण निघाले. बघायला कोणी गेलं नव्हतं, इतकंच.

तुझ्या शाळेतल्या मुलांना घेऊन एकदा राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, पाषाणला जा. त्या सुमारास तिथल्या संस्था लोकांना आत घेतात. आयआयटीएममध्ये, म्हणजे हवामानाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, हीच गणितं करणारी माणसं आहेत. त्यांना तुझा विमानाचा प्रश्न विचार, खूश होतील.

प्रश्न : सासवडजवळ आमच्या शेतात दोरा, फाटकं रबर आणि पांढरा डबा पडला होता. गावात चर्चा झाली. धोका आहे का? – एक शेतकरी

उत्तर : दादा, बिनधास्त राहा. फुगा तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतो, हायड्रोजन तिथेच संपतो, आणि डबा पॅराशूटला लटकून खाली येतो. डब्यात छोटी बॅटरी असते, ती मुलांच्या हाती देऊ नका. रबर आणि दोरा मात्र गोळा करून ठेवा, जनावरं खातात. डब्यावर पत्ता असेल तर कळवा.

प्रश्न : मी चाकणला कंपनीत आहे. आमच्याकडच्या चिमण्यांचा धूर तिबेटवर जातो असं तुमच्या लेखावरून म्हणायचं का? – एक कामगार वाचक, भोसरी

उत्तर : तुमच्या चिमणीतली काजळी जुलैत शिरूरच्या पुढे फारशी टिकाव धरत नसावी, पावसात बसते. पण कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूंचा हिशेब वेगळा. मोसमी वारा किलोमीटरभर उंचीवर एवढा जोरात वाहतो की चाकणवरून निघालेली हवा दीड-दोन दिवसांत आंध्र-ओडिशाचा किनारा गाठते. बंगालच्या उपसागरात त्या वेळी कमी दाबाचा पट्टा असला, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो वरचेवर असतो, तर तिथल्या ढगांबरोबर ती वर गेली म्हणून समजा. तिथून रिंगणात. तेव्हा 'चाकणचा धूर तिबेटवर' हे तुमच्या कॅन्टीनमध्ये सांगायला चुरचुरीत वाटेल, पण खरा माल बंगाल-बिहार-उत्तर प्रदेशातला, आणि चीनमधला. तिथे माणसंही दाट, चुलीही दाट आणि डोक्यावर उंच ढगही. आपल्याकडे धूर आहे, पण जिना दुसऱ्याच्या अंगणात.

प्रश्न : मग हा धूर ओझोनचा थर खातो का? – एक निवृत्त शिक्षक, निगडी

उत्तर : सर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइडचं एवढं नाही, पण क्लोरीन असलेल्या वायूंची धास्ती आहे. १९८७ च्या माँट्रियल करारात फ्रीजमधले आणि फवाऱ्यांतले दीर्घायुषी वायू बंद करायचं ठरलं. रंग काढायला, कारखान्यात साफसफाईला वापरला जाणारा डायक्लोरोमीथेन त्या यादीत नाही. तो हवेत काही महिन्यांतच नष्ट होतो, तोवर ओझोनपर्यंत पोचणार नाही, असा विचार होता. पण जो जिना हवेला एका दिवसात पंधरा किलोमीटर वर नेतो, त्याच्यापुढे काही महिने म्हणजे भरपूर वेळ. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाहून विमानं उडवून मोजमापं झाली आणि पूर्व आशियातल्या मोसमी हवेत हे अल्पायुषी क्लोरीनवाले वायू अपेक्षेपेक्षा बरेच जास्त मिळाले. ओझोनचा थर मोठ्या मुश्किलीने सावरतो आहे, त्याच्या वाटेत हा नवा खडा. माझं मत विचाराल तर यादी वाढवायला हवी.

प्रश्न : ज्वालामुखीची राख वर गेली की पृथ्वी थंड होते म्हणतात. मग हा कणांचा थर उष्णतेवर उताराच नाही का? – एक वाचक, औंध

उत्तर : औंधकरांनी सोय बरोबर शोधली! १५ जून १९९१ ला फिलिपीन्समधला पिनातुबो फुटला तेव्हा दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात गेला आणि पुढचं वर्ष-दीड वर्ष पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. मोसमी थर त्याच्यापुढे किरकोळ आहे, आणि पाऊस सरला की विस्कटणारा. त्याने ऊन अडवलं तरी ते आपल्याच भागात, आपल्याच मोसमात. ज्या उन्हाने जमीन तापते आणि ढग उठतात, त्याच उन्हात खोट काढण्यासारखं हे. उतारा म्हणून मी तरी लिहून देणार नाही.

जाता जाता याच विषयातला एक रंगलेला वाद सांगते. जून २०११ मध्ये आफ्रिकेत इरिट्रियातला नाब्रो ज्वालामुखी फुटला. एका गटाने म्हटलं, त्याचं गंधक आधी खालीच होतं, मोसमी ढगांनी ते उचलून स्थितांबरात नेलं. दुसऱ्याने म्हटलं, छे, स्फोटानेच ते थेट वर फेकलं, ढगांना फुकटचं श्रेय देऊ नका. मासिकांतून चांगली जुंपली होती. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण पहिल्या गटामुळे सगळ्यांचं लक्ष या मोसमी जिन्याकडे गेलं, हे मानायला हवं.

प्रश्न : हा सगळा धूर वर जाऊन परत आपल्यावरच पडतो का? आणि ढग एवढा धूर वर नेतात तर पावसाळा हवा घाण करतो म्हणायचं का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : स्थितांबरात गेलेली हवा वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, तिकडेच फिरते आणि उतरते ती बरीच लांब, ध्रुवांकडे. हडपसरवर नाही.

दुसऱ्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. २०१५ च्या पावसाळ्यात जर्मन संशोधकांनी सायप्रस आणि मालदीवहून हालो नावाचं विमान उडवून या हवेचे नमुने घेतले. त्यांना दिसलं, की विजांमुळे वरच्या हवेत असे रेणू तयार होत राहतात जे घाणीला जाळून विरघळणारं रूप देतात, आणि मग ते पावसात उतरतं. म्हणजे हा मोसम घाण वर उपसतोही आणि तिथेच थोडी साफही करतो. किती उपसतो आणि किती साफ करतो हे खाली आपण काय जाळतो त्यावर ठरतं.

प्रश्न : दिवाळीचे फटाके आणि पंजाबातलं काड जाळणं, तो धूरही असाच स्थितांबरात जातो का? – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : नाही. तोवर दुकान बंद झालेलं असतं. ऑक्टोबरात मोसमी वारे माघारी फिरतात, तिबेटवरचा उच्चदाब मोडतो, गंगेच्या खोऱ्यात उंच ढग उठत नाहीत. काडाचा धूर दिल्ली-लखनौवर जमिनीलगत बसतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री वारा पडलेला असतो आणि पहाटे हवा गार, त्यामुळे माळेचा धूर तुमच्या सोसायटीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत चढतो आणि सकाळी नऊ-दहाला ऊन तापेपर्यंत तिथेच असतो. फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी त्या चार दिवसांत पहाटेऐवजी दहानंतर बाहेर पडावं.